स्फटिकातला डायमर द्रावणात टिकतो का? तपासायची रीत

स्फटिकात प्रत्येक रेणूला शेजारी असतोच; शेजारी नसता तर स्फटिकच झाला नसता. म्हणून रचना सुटली, पडद्यावर दोन रेणू टेकलेले दिसले आणि लगेच पोस्टरवर 'आमचं प्रथिन डायमर (दोन रेणूंची जोडी) आहे' असं छापलं, तर त्या वाक्याला अजून काहीच आधार नसतो. गर्दीच्या पीएमटीत खांद्याला खांदा लागला म्हणून कोणी नातेवाईक होत नाही. याचं दुसरं टोकही तितकंच घातक. 'क्रिस्टल कॉन्टॅक्ट (स्फटिकातला नुसता शेजार) असेल, सोड' म्हणून झटकलेल्या एका जोडणीतून कर्करोगाच्या जीवशास्त्रातला मोठा शोध निघाला. त्याबद्दल पुढे येईलच.

हा लेख पाषाण, गणेशखिंड, बाणेर या पट्ट्यात प्रथिनांवर काम करणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी आहे. तुमच्या हातात एक रचना आहे, स्वतःची किंवा पीडीबी या प्रथिन-रचनांच्या खुल्या संग्रहातून उतरवलेली. फ्रीझरमध्ये थोडं शुद्ध प्रथिन आहे आणि विभागात एक जेल फिल्ट्रेशन कॉलम (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) आहे, एवढंच गृहीत धरलं आहे. बाकीची यंत्रं मागून-सवरून मिळतात. कुठलं यंत्र कुठल्या संस्थेत आहे आणि बाहेरच्यांना वापरू देतात का, हे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं.

प्रश्न आधी नीट मांडा

'मोनोमर (एकटा रेणू) की डायमर?' हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: किती संहतीला, कोणत्या बफरमध्ये, किती टक्के डायमर? आकडे घालून पाहिलं की फरक लगेच कळतो.

समजा प्रथिन २५ किलोडाल्टनचं आहे आणि त्याच्या डायमरचा केडी (वियोजन स्थिरांक; जितका मोठा तितकी जोडणी सैल) १० मायक्रोमोलर आहे. स्फटिकासाठी थेंब लावताना १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घेतलं, म्हणजे ४०० मायक्रोमोलर. या संहतीला सुमारे ८९ टक्के प्रथिन डायमरमध्ये असतं. थेंबातलं पाणी उडत जातं तशी संहती आणखी चढते. प्रत्यक्ष स्फटिकात मॅथ्यूज गुणांक (प्रथिनाच्या दर डाल्टनमागे स्फटिकाची जागा, घन अँगस्ट्रॉममध्ये) २.४ धरला तर निम्मी जागा पाण्याची, आणि प्रथिनाची संहती तरीही २८ मिलिमोलरच्या आसपास. तेवढ्या संहतीचं द्रावण करता आलं असतं तर त्यात जवळपास ९९ टक्के डायमर असता.

आता तेच प्रथिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरने कॉलमवर घाला. आत जाताना ४० मायक्रोमोलर, पण कॉलममधून उतरता उतरता ते दहापट पातळ झालं तर ४ मायक्रोमोलर. डायमर उरला ३४ टक्के. एन्झाइमची क्रियाशीलता मोजताना २० नॅनोमोलर घेतलं, तर डायमर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. प्रथिन एकच, केडी एकच. स्फटिकवाला म्हणतो डायमर, कायनेटिक्सवाला म्हणतो मोनोमर, आणि दोघांचंही खरं आहे. वाद घालण्याआधी संहती विचारावी.

हे गणित एक्सेलमध्ये बसवून ठेवा: एकूण संहती = मोनोमर + २ × मोनोमर × मोनोमर ÷ केडी. सगळ्या संहती मोनोमरच्या हिशेबात मांडायच्या आणि मोनोमरसाठी वर्गसमीकरण सोडवायचं.

पेशीतली संहती हा चौथा आकडा, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचा. हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत लिटरला सुमारे ३३० ग्रॅम असतं, म्हणजे टेट्रामरच्या (चार साखळ्यांच्या रेणूच्या) हिशेबात ५ मिलिमोलर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन मायक्रोमोलरपर्यंत पातळ केलं की अल्फा-बीटा जोड्यांत सुटायला लागतं. पण पेशीत ती वेळ येत नाही. तिथे स्फटिकातली स्थितीच पेशीतल्या स्थितीला जवळची आहे. इन्सुलिनचं नेमकं उलटं. डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ साली जस्तासह स्फटिकीकरण केलेल्या इन्सुलिनची रचना सोडवली, तेव्हा त्यात सहा रेणूंचा हेक्सामर दिसला. त्या गटात पुढे बंगळुरूत प्रथिन-स्फटिकशास्त्र उभं करणारे एम. विजयन होते. हेक्सामर खोटा नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवलं जातं ते असंच. पण रक्तात संहती इतकी कमी असते की तिथे मोनोमरच असतो आणि ग्राहीला तोच जाऊन बसतो. लिस्प्रो इन्सुलिनमध्ये बी साखळीतली २८वी प्रोलिन आणि २९वी लायसिन यांची अदलाबदल केली आहे, ती डायमरचा इंटरफेस (दोन रेणू जिथे टेकतात तो पृष्ठभाग) सैल करण्यासाठी. म्हणून ते टोचल्यावर लवकर काम करतं. स्फटिकात दिसलेल्या जोडणीवरून औषध घडलं आणि ते जोडणी मोडून घडलं.

फाइल उघडल्यावर पहिलं काम

पीडीबीमधून जी फाइल उतरते तिच्यात असिमेट्रिक युनिट असतं. स्फटिकाच्या सममितीने ज्याच्या प्रती काढून सगळा स्फटिक भरता येतो, असा तो लहानात लहान तुकडा. त्याचा जीवशास्त्राशी थेट संबंध नाही. १एचएचओ उघडा: मानवी ऑक्सिहिमोग्लोबिन, पण दिसते एक अल्फा आणि एक बीटा साखळी. २एचएचबी उघडा, डीऑक्सी, तिथे चारही साखळ्या. हिमोग्लोबिन दोन्हीकडे टेट्रामरच आहे. पहिल्या स्फटिकात टेट्रामरचा दुहेरी अक्ष (ज्याभोवती १८० अंश फिरवलं तरी रचना तशीच दिसते) स्फटिकाच्या अक्षावर येऊन बसला, एवढाच फरक. म्हणजे असिमेट्रिक युनिटमध्ये दोन रेणू आहेत म्हणून डायमर, किंवा एकच आहे म्हणून मोनोमर, ही दोन्ही अनुमानं फुकाची. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

मग त्याच फाइलमधली रिमार्क ३५० ही नोंद वाचा. तिथे बायोलॉजिकल असेंब्ली (प्रथिन ज्या जोडणीत काम करतं ती) कशी तयार करायची त्याचे मॅट्रिक्स असतात आणि ती असेंब्ली लेखकांनी ठरवली की सॉफ्टवेअरने, हेही लिहिलेलं असतं. दोघांचं एकमत असेल तर विश्वास थोडा वाढवा. फक्त सॉफ्टवेअरचं नाव असेल तर ते मत समजा, पुरावा नव्हे. लेखकांचं नाव असेल तर मूळ शोधनिबंधात जाऊन त्यांनी द्रावणात काय मोजलं ते पाहा. पुष्कळदा काहीच मोजलेलं नसतं.

सरावासाठी घरचंच उदाहरण घ्या. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. ते चार समान साखळ्यांचं टेट्रामर आहे. ३पीव्हीए ही फाइल उतरवा, असेंब्ली तयार करा आणि पुढच्या पायऱ्या आधी तिच्यावर करून पाहा. उत्तर माहीत असलेल्या प्रथिनावर हात बसला की स्वतःच्या प्रथिनावर घाई होत नाही.

पायमॉल या रचना पाहायच्या प्रोग्रॅममध्ये 'जनरेट' मेनूतून सिमेट्री मेट्स (सममितीने येणारे शेजारी रेणू) काढा, ४-५ अँगस्ट्रॉमच्या आतले सगळे. एका रेणूभोवती सहा, आठ, दहा शेजारी उगवतील. ज्या जोडीच्या प्रेमात तुम्ही पडला आहात ती त्यांतली एक आहे, इतकंच या पायरीला खरं.

इंटरफेसची यादी

आता पिसा चालवा. एव्हजेनी क्रिसिनेल आणि किम हेनरिक यांनी केलेलं हे साधन युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट आहे. सगळ्या इंटरफेसचं क्षेत्रफळ, विलयन-ऊर्जेचा अंदाज, हायड्रोजन बंध, सॉल्ट ब्रिज अशी यादी मिळते आणि कुठली असेंब्ली द्रावणात टिकेल याचा अंदाजही.

क्षेत्रफळ वाचताना एक खड्डा आहे. पिसा एका बाजूचं क्षेत्रफळ देतं, म्हणजे एकूण झाकलेल्या पृष्ठभागाच्या निम्मं. जुन्या निबंधांत बहुधा दोन्ही बाजूंची बेरीज असते. तिथे 'नेहमीचा इंटरफेस सुमारे १६०० चौरस अँगस्ट्रॉम' असं वाचलं, तर पिसाच्या भाषेत ते ८०० होतात. हे न कळल्यामुळे चांगला इंटरफेस निम्म्याने लहान समजून टाकून देणारे पाहिलेत.

क्षेत्रफळावर निकाल लावायचा मोह आवरा. पिसाच्या मोजणीने १००० चौरस अँगस्ट्रॉमच्या वर बहुतेकदा खरं, ४०० च्या खाली बहुतेकदा निव्वळ शेजार. मधला सगळा पट्टा धूसर. त्या पट्ट्यात मी पुढच्या गोष्टी बघतो.

इंटरफेसच्या मध्यभागी पाण्यापासून पूर्ण झाकलेले जलविरोधी अवशेष आहेत का? ल्युसिन, आयसोल्युसिन, फेनिलअलानिन, मेथिओनिन. खऱ्या जोडणीला असा गाभा बहुधा असतो. क्रिस्टल कॉन्टॅक्टमध्ये काठाकाठाने लायसिन-ग्लुटामेट टेकलेले आणि मध्ये पाणी भरलेलं दिसतं.

तो गाभा उत्क्रांतीत जपलेला आहे का? यासाठी एपिक हे साधन आहे. ते इंटरफेसच्या गाभ्यातल्या अवशेषांची तुलना बाकीच्या पृष्ठभागाशी करतं. नातेवाईक अनुक्रम पुरेसे असतील तरच याचा उपयोग; संगणकावर डिझाइन केलेल्या किंवा अगदी एकांड्या प्रथिनाला नाही.

जोडणीत परका कोणी मध्यस्थ आहे का? हिस्टिडिन टॅग, क्रिस्टल स्क्रीनमधलं कॅडमियम किंवा जस्त, सल्फेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा तुकडा. दोन रेणूंना कॅडमियमने शिवलं असेल तर तो डायमर बाटलीतला आहे, पेशीतला नाही. आणि कापून टाकलेला भाग तपासा. स्फटिक मिळावा म्हणून तुम्ही एखादा डोमेन उडवला असेल, तर पूर्ण प्रथिनात तो याच इंटरफेसवर बसत असेल का, हे मॉडेलवर पाहा.

अल्फाफोल्डने (अनुक्रमावरून रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅमने) डायमर सांगितला तर तो दुसरा पुरावा मानावा का? मी अर्धाच मानतो. ते पीडीबीवरच शिकलं आहे. स्फटिकांचे पूर्वग्रह त्यातही उतरलेले असू शकतात. आयपीटीएम (जोडणीबद्दल त्याला असलेल्या खात्रीचा आकडा) ०.८ च्या वर असेल तर प्रयोग करायला उत्साह येतो, प्रयोग टळत नाही.

सममिती काय सांगते

ही पायरी फुकट आहे आणि तरी बहुतेक जण गाळतात. दोन समान रेणूंचा बंद डायमर दुहेरी अक्षाभोवती असतो: पहिल्याचा जो पृष्ठभाग, दुसऱ्याचाही तोच. जोडणी झाली की तो भाग संपला, तिसऱ्याला जागा नाही. उलट, पहिल्याची 'अ' बाजू दुसऱ्याच्या 'ब' बाजूला लागत असेल, तर दुसऱ्याची 'अ' मोकळीच राहते आणि साखळी अनंत वाढू शकते. स्फटिकात अशा साखळ्या स्क्रू अक्षावर (फिरवून पुढे सरकवणारी सममिती) आणि सरळ सरकण्याने सतत तयार होतात. तुमचं प्रथिन अ‍ॅक्टिन किंवा ट्युब्युलिनसारखं तंतू करणारं नसेल, तर अशा जोडण्या यादीत खाली ढकला.

यावरून एक झटपट निकाल मिळतो. स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) पी २१-२१-२१ असेल आणि असिमेट्रिक युनिटमध्ये एकच रेणू असेल, तर त्या स्फटिकात सममित बंद डायमर असूच शकत नाही. तिथे फक्त स्क्रू अक्ष आहेत, शुद्ध दुहेरी अक्ष एकही नाही. आय २२२ मध्ये एकच रेणू असेल तर मात्र अक्ष तीन दिशांना आहेत. कॉनकॅनाव्हॅलिन ए याच स्पेस ग्रुपमध्ये एका उपएककाने येतं आणि सममितीने त्याचं टेट्रामर बनतं. तरी ही जोडणीसुद्धा पीएचवर अवलंबून आहे: तटस्थ आणि त्याहून वरच्या पीएचला ते टेट्रामर, आम्लधर्मी बाजूला सहाच्या खाली गेलं की डायमर. म्हणून स्फटिकाच्या थेंबाचा पीएच वहीत लिहिलेला हवा, आणि बफरचा नव्हे, सगळं मिसळल्यानंतरचा.

नियमाला अपवादही घरचाच आहे. विजयन यांच्या गटाने १९९४ साली शेंगदाण्याच्या लेक्टिनची रचना प्रसिद्ध केली. चार समान साखळ्या, पण २२२ किंवा चौपट अशी कुठलीच बंद सममिती नाही. एका स्फटिकावरून असं विधान करायला छाती लागते. तुमच्या रचनेत असं काही दिसलं तर आधी पुढची पायरी करा.

दुसरा स्फटिक

सगळ्या संगणकी पुराव्यांत मला सर्वांत वजनदार वाटतो तो हा: तोच इंटरफेस वेगळ्या स्पेस ग्रुपमध्ये, वेगळ्या परिस्थितीत वाढलेल्या स्फटिकात पुन्हा दिसतो का? त्याहून चांगलं म्हणजे ३०-४० टक्केच साम्य असलेल्या नातेवाईक प्रथिनात दिसतो का? शोधायला प्रॉटसिड हा डेटाबेस आहे. मात्र युनिट सेल तपासा. पीडीबीत तुमच्या प्रथिनाच्या वीस नोंदी असतील, पण सगळ्यांचा स्पेस ग्रुप आणि सेलची मापं सारखी असतील, तर तो एकच स्फटिक वीसदा मोजला आहे, पुरावा एकच.

नोंदीच नसतील तर स्क्रीन पुन्हा लावा. अमोनियम सल्फेटमध्ये पहिला स्फटिक आला असेल तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये शोधा, पीएच दोन अंकांनी हलवा. डेटा घ्यायला इंदूरच्या इंडस-२ वर प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन आहे. हा प्रश्न सोडवायला २.८-३ अँगस्ट्रॉमचाही डेटा पुरतो, कारण आपल्याला फक्त कोण कुणाशेजारी बसलंय ते बघायचं आहे.

कॉलमवर

आता द्रावण. २५ आणि ५० किलोडाल्टन वेगळे पाडायचे तर सुपरडेक्स ७५ घ्या. सुपरडेक्स २०० वर हे दोन पीक एकमेकांना चिकटतात. अंदाजे २४ मिलिलिटरच्या कॉलमवर १०० मायक्रोलिटर नमुना, वेग मिनिटाला अर्धा मिलिलिटर, बफरमध्ये किमान १०० ते १५० मिलिमोलर मीठ. मीठ कमी असेल तर प्रथिन कॉलममधल्या जेलच्या मॅट्रिक्सला चिकटून उशिरा येतं आणि खोटा 'मोनोमर' दिसतो. नमुना घालण्याआधी सेंट्रिफ्यूज करा.

त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये मानकं चालवा: ब्लू डेक्स्ट्रान, कॉनअल्ब्युमिन ७५, ओव्हल्ब्युमिन ४४, कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज २९, रायबोन्यूक्लिएज ए १३.७ किलोडाल्टन. मागच्या वर्षीच्या सीनिअरचा कॅलिब्रेशन आलेख भिंतीवर चिकटवलेला असतो, तो वापरू नका. कॉलम बदलतो, ट्यूबिंग बदलतं.

आणि हे विसरू नका की कॉलम वस्तुमान मोजत नाही, आकार मोजतो. लांबट किंवा शेपटीवाला २५ किलोडाल्टनचा मोनोमर सहज ४५ वर उतरतो. 'जेल फिल्ट्रेशनमध्ये ४२ किलोडाल्टन आलं, म्हणून डायमर' हे वाक्य कितीतरी प्रबंधांत आहे. ते एकट्याने काही सिद्ध करत नाही.

कॉलमची खरी ताकद मालिकेत आहे. तोच नमुना १०, २, ०.५ आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा चार संहतींना चालवा. शेवटच्या दोनसाठी २८० ऐवजी २२० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजा, नाहीतर पीक दिसणार नाही. चारही पीक एकाच जागी उतरले तर या टप्प्यात समतोल हलत नाही: एकतर घट्ट डायमर किंवा पक्का मोनोमर. पातळ करत जाताना पीक उजवीकडे सरकला आणि त्याची मागची बाजू लांबली, तर जोडणी सुटते आहे आणि केडी याच पट्ट्यात कुठेतरी आहे. बहुतेकांचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो आणि खर्च होतो तो फक्त बफरचा.

मग परिस्थिती बदला. स्फटिकाच्या पीएचला एक रन. सिस्टीन असेल तर क्षपणक घालून आणि न घालता एकेक. जुन्या नमुन्यात डायसल्फाइडने जुळलेले डायमर फार फसवतात. लिगँड किंवा धातू स्फटिकात असेल तर तो बफरमध्येही घाला. अमोनियम सल्फेट दोन मोलर घालून कॉलम चालवायचा विचार मात्र सोडा; त्या मिठात प्रथिन मॅट्रिक्सला धरून बसतं आणि निकाल वाचता येत नाही. तापमानही लिहा. कोल्ड रूममधले चार अंश आणि एप्रिलमध्ये एसी नसलेल्या खोलीतले पुण्याचे पस्तीस, यांत जलविरोधी जोडणी वेगळी वागते. बॅकअप नसलेल्या विभागात असाल तर बुधवारी रात्री लांबलचक मालिका लावून घरी जाऊ नका. गुरुवारी वीज आणि पाणी दोन्हींची देखभालीची कामं निघतात हे पुणेकराला सांगायला नको.

वस्तुमान, वेग, आकार

कॉलमच्या पुढे प्रकाश-विकिरणाचा डिटेक्टर जोडलेला असेल, म्हणजे मॅल्स, तर आकाराचा प्रश्नच मिटतो. वस्तुमान थेट मिळतं. प्रथिनासाठी डीएन-डीसी (संहतीबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) ०.१८५ धरा, आधी बीएसए (गायीचं सीरम अल्ब्युमिन) चालवून मोनोमर ६६ च्या आसपास येतो का ते तपासा. २५ किलोडाल्टनच्या प्रथिनाला शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम घातलं की सिग्नल स्वच्छ मिळतो. वरच्या उदाहरणात ३४ टक्के डायमर असताना मॅल्स सुमारे ३३ किलोडाल्टन दाखवेल. हा आकडा २५ ला 'जवळ' म्हणून खाली ओढू नका. पीकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वस्तुमान उतरत गेलेलं दिसलं, तर तीच समतोलाची खूण.

अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवताना प्रथिन किती झपाट्याने खाली बसतं ते मोजणारं यंत्र) मिळत असेल तर माझं मत त्याच्या बाजूने आहे. मॅट्रिक्स नाही, चिकटणं नाही, आणि कॉलमसारखं पातळ होत जाणं नाही. ४०० मायक्रोलिटर नमुना, २८० ला शोषण ०.२ ते १, रोटर ४०,००० ते ५०,००० फेरे, तापमान २० अंश. आपल्या कल्पित प्रथिनाचा मोनोमर गोलसर असेल तर २.५ स्वेडबर्गच्या (खाली बसण्याच्या वेगाचं एकक) आसपास, डायमर ३.९ च्या आसपास बसेल. सेडफिट या प्रोग्रॅमने विश्लेषण करा. क्षपणक हवा असेल तर डीटीटी नको, टीसीईपी वापरा. ऑक्सिडाइझ झालेलं डीटीटी २८० ला शोषतं आणि बेसलाइन बिघडवतं. ग्लिसरॉलही काढून टाका. समतोल झपाट्याने होत असेल तर दोन पीक न दिसता एकच पीक मध्ये कुठेतरी दिसतो आणि संहतीबरोबर सरकतो.

सॅक्स (द्रावणातून लहान कोनांत विखुरलेले क्ष-किरण मोजणं) हे एकमेव हाताशी येणारं तंत्र आहे जे 'किती' बरोबर 'कसे' हेही सांगतं. पिसाच्या यादीतले दोन-तीन उमेदवार डायमर घ्या, प्रत्येकाचा अपेक्षित वक्र क्रायसॉल या प्रोग्रॅमने काढा, मोजलेल्या वक्राशी जुळवा. पण त्याआधी रचनेत न दिसलेले लूप आणि टॅग मॉडेलमध्ये बांधून घ्या. २० अवशेषांची शेपटी राहून गेली तर योग्य डायमरसुद्धा बसत नाही आणि तुम्ही त्याला बाद करून बसता. बफर डायलिसिसमधलाच किंवा कॉलममधून आलेलाच हवा. गिनिए आलेख (वक्राच्या सर्वांत लहान कोनांचा भाग) सरळ नसेल तर तो नमुना गुठळ्यांचा आहे, पुढे जाऊ नका. मोनोमर-डायमरचं मिश्रण असेल तर ऑलिगोमर हा प्रोग्रॅम प्रमाण काढतो.

बाकीची तंत्रं थोडक्यात. डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) गुठळ्या ओळखायला उत्तम, मोनोमर-डायमर वेगळे करायला निरुपयोगी. त्रिज्येत तिपटीचा फरक असल्याशिवाय ते दोन गट नीट दाखवत नाही. मास फोटोमेट्री नॅनोमोलरला मोजते, म्हणून सैल डायमर तिथे सुटलेलाच असणार. नेटिव्ह मास स्पेक्ट्रोमेट्रीत आकडा अचूक येतो, पण जलविरोधी जोडण्या वायुरूपात सैल पडतात. ग्लुटारअल्डिहाइड जास्त वेळ ठेवलं तर ते कुणालाही कुणाशीही जोडतं. नियंत्रण म्हणून शेजारच्या खाचेत त्याच संहतीचं एखादं पक्कं मोनोमर प्रथिन चालवा.

कोणता डायमर?

द्रावणात ५० किलोडाल्टन मिळालं, पिसाच्या यादीतही डायमर आहे, काम झालं? नाही. यादीत तीन उमेदवार असतील तर वस्तुमानाने फक्त 'दोन' हा आकडा दिला, जोडी ठरवली नाही. द्रावणातला डायमर स्फटिकात चौथ्याच पृष्ठभागावर असू शकतो.

इथे म्युटेशन लागतं. प्रत्येक उमेदवार इंटरफेसच्या गाभ्यातला एक जलविरोधी अवशेष निवडा आणि त्याच्या जागी आर्जिनिन किंवा ग्लुटामेट घाला. अलानिन पुष्कळदा पुरत नाही. जोडणी थोडी सैल होते आणि निकाल संदिग्ध राहतो. मग तीच कॉलम-मालिका. एका म्युटंटने डायमर फुटला आणि बाकीच्यांनी नाही, तर जोडी सापडली. म्युटंट नीट घडी घातलेला आहे हे सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम) आणि वितळण्याच्या तापमानाने दाखवा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार. दुहेरी अक्षाजवळच्या दोन समोरासमोरच्या अवशेषांना सिस्टीन करून डायसल्फाइड आपोआप जुळतं का पाहणं हा उलट दिशेचा पुरावा. मला तो जास्त आवडतो, कारण तो काही मोडत नाही.

जुळलं नाही तर

स्फटिकात मोठा इंटरफेस, द्रावणात कितीही दाट केलं तरी मोनोमर. घाईने 'क्रिस्टल आर्टिफॅक्ट' लिहिण्याआधी ईजीएफआर या पेशीवाढीच्या ग्राहीची गोष्ट आठवा; सुरुवातीला म्हटलं ती हीच. त्याच्या कायनेज डोमेनच्या स्फटिकात एक तिरपी, असममित जोडणी दिसत होती: एका कायनेजची खालची बाजू दुसऱ्याच्या वरच्या बाजूला टेकलेली. डोमेन द्रावणात मोनोमर, सममिती बंद नाही. वरच्या सगळ्या निकषांवर ती नापास झाली असती. २००६ साली जॉन कुरियन यांच्या गटाने दाखवलं की ग्राही सक्रिय होतो तो नेमका याच जोडणीने. इंटरफेसमधली ९२४वी व्हॅलिन आर्जिनिन केली की सक्रियता जाते. डोमेन लिपिडच्या गोळ्यांवर बांधून एकमेकांजवळ आणलं की ती वाढते. पेशीत हे डोमेन पटलाला बांधलेलं असतं, तिथली स्थानिक संहती परीक्षानळीत मिळत नाही. तुमचं प्रथिन पटलाला, डीएनएला किंवा एखाद्या मचाणासारख्या प्रथिनाला बांधलं जात असेल, तर द्रावणातला मोनोमर हा शेवटचा शब्द नाही.

उलटी अडचण म्हणजे डोमेन-स्वॅप. दोन रेणू आपापला एक भाग अदलाबदल करून गुंततात, इंटरफेस प्रचंड दिसतो, पिसा खूश होतं. रायबोन्यूक्लिएज ए चे असे डायमर १९६२ सालीच मिळाले होते, अ‍ॅसिटिक आम्लातून लायोफिलाइझ करून. असा डायमर एकदा झाला की सहजासहजी सुटत नाही, म्हणून कॉलमवरही डायमरच दिसेल आणि पातळ करूनही हलणार नाही. ताज्या तयारीत, कॉन्सन्ट्रेटरमध्ये न घातलेल्या प्रथिनात तो आहे का ते बघा. शुद्धीकरणाच्या पहिल्या दिवशी नसलेला आणि आठवड्याने आलेला डायमर संशयितच.

जमा करताना

रचना पीडीबीत जमा करताना असेंब्ली कोणती आणि तिचा प्रायोगिक आधार काय, हे विचारलं जातं. तिथे काही मोजलं नसेल तर तसंच सांगा. पिसाचा अंदाज 'प्रयोग' म्हणून भरू नका. निबंधातलं वाक्य पुढच्या माणसाला पुन्हा करून बघता येईल असं हवं. उदाहरणार्थ: 'पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २० अंशांना, ४ ते ४०० मायक्रोमोलर या टप्प्यात प्रथिन मोनोमर-डायमर समतोलात आहे, केडी सुमारे १० मायक्रोमोलर. डायमरची जोडणी स्फटिकातल्या इंटरफेस १ ची आहे, कारण त्यातलं ल्युसिन ते आर्जिनिन हे म्युटेशन केलेलं प्रथिन ४०० मायक्रोमोलरलाही मोनोमर राहतं आणि सॅक्सचा वक्र त्याच डायमरशी जुळतो. इंटरफेस २ आणि ३ मधल्या म्युटेशनचा परिणाम नाही.' वाक्य लांब झालं तर होऊ द्या. संपादक शब्द कमी करायला सांगतील तेव्हा विशेषणं उडवा. संहती, पीएच आणि तापमान ठेवा.